टाके मोजता मोजता

डिसेंबरातली सकाळ. साडेसहा वाजलेत. नाशिकच्या थंडीत आमची स्कूटर दोनदा खोकते आणि तिसऱ्यांदा सुरू होते. मागे लेक बसतो आणि बसल्या बसल्या त्याचे दोन्ही हात माझ्या जाकिटाच्या खिशांत शिरतात. सिग्नलला थांबले की मी खिशावरूनच त्याची बोटं चाचपते. नुसता बर्फ!

"हात आत ठेव." "कानटोपी खाली ओढ." "डबा घेतलास ना?" "आज वही दाखव बाईंना." शाळेपर्यंतच्या बारा मिनिटांत माझं एवढंच बोलणं होतं. परत येताना लक्षात येतं, उठल्यापासून आपण लेकराला फक्त हुकूम सोडले. तुमच्याकडेही सकाळी थोडंफार असंच चालत असणार. वाईट आई-बाप म्हणून नव्हे, घड्याळ पुढे पळतंय म्हणून.

चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा सरकारी आदेश २०२४च्या फेब्रुवारीत निघाला. आमचं नशीब असं, की त्याच वर्षी जूनमध्ये लेक पाचवीत गेला. आदेश धाकटीच्या वाट्याला आला आणि थंडी मोठ्याच्या. ह्यांची सातपूरला फर्स्ट शिफ्ट, त्यामुळे सकाळची ही फेरी माझी.

त्यात आमच्याकडची थंडी. इथून तासाभरावर निफाड. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, ते दर हिवाळ्यात पेपरात छापून येतं. पाच अंश, कधी त्याहूनही खाली. द्राक्षबागायतदार पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात, घडांना गारठा बाधू नये म्हणून. ती बातमी वाचली की माझ्या पोटात उगाच कालवतं. लोक द्राक्षांसाठी पहाटे चारला उठतात आणि आपल्याच्यानं पोराचे हात गरम ठेवणं होईना!

तसे हातमोजे आणले होते. रस्त्यावर स्वेटरवाल्यांची दुकानं लागली, तिथून दीडशे रुपयांचे घेतले. तिसऱ्या दिवशी एकच घरी आला. "दुसरा कुठेय?" "माहीत नाही." मग मी सुरू झाले. पैसे काय झाडाला लागतात का, तुझ्या वयाची होते तेव्हा मी, वगैरे वगैरे. तुम्हाला पुढचं पाठ असेल. तो खाली मान घालून बुटाच्या नाडीशी खेळत राहिला. उरलेला एकटा हातमोजा फ्रीजवर दोन आठवडे पडून होता, माझ्याकडे बघत.

मग एका रात्री कपाटातली आईची विणायच्या सुयांची पिशवी काढली.

आता खरं सांगते, ती मायेनं काढली नाही. अपराधीपणानं काढली. नोकरी करणाऱ्या बाईचं ते जुनं दुखणं आहे. वेळ देता येत नाही म्हणून काहीतरी भलं मोठं करून दाखवायचं. कधी वाढदिवसाला तीन मजली केक, तर कधी रात्री जागून केलेला शाळेचा प्रोजेक्ट. हे हातमोजेही त्याच खात्यातले. लेकानं काही मागितलं नव्हतं. मलाच कुणाला तरी सिद्ध करून दाखवायचं होतं. कुणाला, ते विचारू नका.

माझ्या लहानपणी घरोघरी विणकाम चालायचं. दुपारी आई गच्चीत उन्हाला बसून विणायची. स्वेटर कायम 'वाढत्या अंगाचा', म्हणजे पहिल्या वर्षी बाह्या दुमडायच्या आणि तिसऱ्या वर्षी मनगटं उघडी. मग तोच स्वेटर उसवायचा. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी असते. तिची लडी करून ती धुवायची आणि खाली वजन बांधून दोरीवर वाळत घालायची, की सरळ होते. वाळलेली लडी माझ्या दोन्ही हातांत अडकवून आई समोर बसून गुंडा करायची. मला हलता यायचं नाही. हात पुढे धरून गाडी चालवल्यासारखी मी डावीकडे-उजवीकडे झुलायची. त्या अर्ध्या तासात आमच्या काय काय गप्पा व्हायच्या! हे मी साफ विसरले होते. पिशवीतून सुया निघाल्या आणि त्यांच्यासोबत हेही निघालं.

लोकर आणायला लेकाला घेऊन गेले. माझ्या डोक्यात मरून रंग. मळत नाही, गणवेशाला जातो. त्यानं बोट ठेवलं पोपटी रंगावर. "अरे, हा कुठे..." म्हणेपर्यंत दुकानदारानं गुंडा पिशवीत टाकलासुद्धा. रंगसुद्धा मुलांना निवडू देणं किती जड जातं नाही आपल्याला? आपण म्हणतो 'तुझ्या आवडीचं घे', आणि मग आवडही आपणच सांगतो.

मी विणले ते बोटांचे मोजे नव्हेत. चार बोटांची एक खोली आणि अंगठ्याची वेगळी, असे. विणायला सोपे आणि जास्त उबदार. बोटं एकमेकांना चिकटून असली की एकमेकांना गरम ठेवतात, वेगळ्या नळ्यांत घातली की प्रत्येक बोट एकटं गारठतं. युरोपात उत्तरेकडे असेच वापरतात. लाटव्हियात तर मुलीच्या लग्नाच्या पेटीत तिनं विणलेल्या हातमोज्यांची चळत असायची, आणि ती सासरच्यांना वाटायची. २००६ साली रिगाला 'नाटो'ची बैठक झाली, तेव्हा पाहुण्यांना भेट म्हणून तिथल्या बायकांनी असे ४,५०० जोड विणले. आणि इथे आमचा एक जोड होईना!

कारण वेळ. दहा नंबरच्या सुया, ४४ टाके. मनगटाला दोन सुलट-दोन उलटची पट्टी, मग एक ओळ सुलट, एक उलट. मला एका ओळीला साडेतीन-चार मिनिटं लागायची. एका मोज्याच्या साधारण सत्तर ओळी. म्हणजे एका हाताचे चार-साडेचार तास. सलग चार तास मला शेवटचे मिळाले होते ते बहुतेक बाळंतपणाच्या रजेत, आणि तेही झोपेचे नव्हते.

मग असं ठरलं, की कुकर लावला की विणायला बसायचं. तीन शिट्ट्या होईस्तोवर दोन ओळी. जेवणं झाली, ओटा आवरला, की आणखी दोन. मध्येच धाकटी गुंडा घेऊन पळायची. शाळेच्या ग्रुपवर 'उद्या हिरवा कागद आणणे' असा मेसेज रात्री नऊला पडायचा. कधी ओळ अर्धी राहायची. पण ओळ अर्धी राहिली तरी बिघडत नाही, हा विणकामाचा मोठा गुण आहे. दुसऱ्या दिवशी ती तिथेच आपली वाट बघत असते. रागावत नाही.

आणखी एक झालं. दोन्ही हात सुयांत गुंतले, की फोन हातात येत नाही. आणि मुलांना हे बरोबर कळतं. मी विणायला बसले की लेक त्याची वही घेऊन दिवाणावर माझ्या शेजारी येऊन टेकायला लागला. वही उघडी आणि पोरगं लोकरीकडे बघतंय.

एरवी आमचा संवाद काय? "शाळेत काय झालं?" "काही नाही." "डबा संपवलास?" "हो." संपलं. मी विचारायची ते गॅसकडे तोंड करून, नाहीतर त्याच्या डोळ्यांत रोखून बघत. दोन्ही चूकच. पाठ फिरवून विचारलं की त्यांना वाटतं हिला उत्तर नकोय. रोखून विचारलं की वाटतं चौकशी चाललीय. मोठ्यांना तरी असं विचारलेलं कुठे आवडतं?

त्या संध्याकाळी मी अंगठ्याशी आले होते. इथे मोजावं लागतं. एकवीस टाके, मग एक वाढ, मध्ये दोन, पुन्हा एक वाढ, पुन्हा एकवीस. मी पुटपुटत होते, सोळा, सतरा, अठरा...

"आई, डब्याच्या सुट्टीत मी आता एकटाच बसतो."

एकोणीस.

"बाईंनी बाक बदलले ना. माझ्या शेजारचा पुढे गेला. तो आता पुढच्या मुलांत बसतो."

"हं," मी म्हटलं. कारण एकोणीसवर होते.

"मी डबा लवकर संपवतो आणि पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभा राहतो. तिथे उभं राहिलं की पाणी प्यायलाच आलोय असं वाटतं सगळ्यांना."

सुई थांबली. पुढचा टाका काय घातला ते मला कळलं नाही. घशात काहीतरी अडकलं होतं. तोंडावर आलेली वाक्यं एकापाठोपाठ एक रांगेत उभी होती. 'मग तू जाऊन बस ना त्यांच्यात.' 'मी उद्याच बाईंशी बोलते.' 'त्याच्या आईला फोन लावू का?' 'तू जरा मोकळा हो रे.' रोजच्यासारखी मी रिकाम्या हातांनी समोर बसले असते, तर ही चारही वाक्यं त्याच क्रमानं बाहेर पडली असती. आणि तो म्हणाला असता, "जाऊ दे."

पण हातात टाके होते. मी मान खाली घालून एवढंच विचारलं, "टाकीचं पाणी गार असतं का रे सकाळी?"

"खूप," तो म्हणाला. "दात दुखतात." आणि मग कितीतरी वेळ बोलत राहिला.

आपल्याकडे म्हणतात ना, जात्यावर बसलं की ओवी सुचते. आपल्या आज्या-पणज्यांनी सासरचं, माहेरचं, भावाचं, लेकीचं सगळं त्या दगडापाशी सांगितलं. हात कामात असले की मन मोकळं होतं, असं मी इतकी वर्षं समजत होते. सांगणाऱ्याचं मन. त्या दिवशी कळलं की ऐकणाऱ्याचाही त्यात फायदा आहे. टाके मोजताना उपदेश करता येत नाही. आकडा चुकतो.

म्हणून तुम्हाला हितगुज म्हणून सांगते, विणकामच करा असं काही नाही. या दिवसांत मटार असतात, तुरीच्या शेंगा असतात. गादीवर पेपर पसरून सोलायला बसा, पोराला शेजारी घ्या. समोर नको, शेजारी. मेथी निवडा, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घाला. दोन्ही हात लागतील आणि डोकं फार लागणार नाही, असं कुठलंही काम चालेल. आणि ते 'आता आपण गप्पा मारूया हं' असं जाहीर करून करू नका. मुलं लगेच सावध होतात. बाबांनाही बसवा. आमच्याकडे हे मटार सोलताना धाकटीकडून तिच्या बाईंचं गुपित काढून घेतात.

रोज बोलतील असंही नाही. पाच दिवस नुसते मटार सोलले जातील. सहाव्या दिवशी एक वाक्य येईल, तेही दाण्यांसारखं सटकून. तेव्हा लगेच झडप घालू नका. मी घातलीय, म्हणून सांगते.

टाकीचं पुढे काय झालं, असं विचाराल. सिनेमात होतं तसं काही झालं नाही. दोन दिवसांनी त्यानंच विषय काढला. मी त्याला विचारलं, "बाईंच्या कानावर घालू का?" तो म्हणाला, "नको... हळूच घाल." जानेवारीच्या पालकसभेत हळूच घातलं. आता तो कधी दोघा-तिघांत बसतो, कधी एकटा. मारहाण, धाकदपटशा असं काही असतं, तर मी टाके मोजत बसले नसते, त्याच दिवशी शाळेत गेले असते. पण हे एकटेपणाचं दुखणं होतं. मी ते एका फोननं मिटवायला निघाले असते. त्याला आधी कुणीतरी नुसतं ऐकायला हवं होतं.

मध्ये एकदा त्यालाही विणायचा सोस आला. टाके घालून दिले, 'सुई आत, लोकर पुढून, ओढ बाहेर' एवढं शिकवलं. त्याचे टाके इतके घट्ट, की सुई पुढे सरकेना. आणि मी काय केलं? दर दोन मिनिटांनी सुया त्याच्या हातातून काढून घेतल्या. "थांब, मी नीट करून देते." चौथ्यांदा घेतल्या तेव्हा तो म्हणाला, "मग तूच वीण." बरोबर बोलला. आपण मुलांचं इतकं 'नीट करून' देतो की ते त्यांचं उरतच नाही. दुसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं स्वयंपाकघरात गेले. त्यानं चार बोटं रुंदीची एक वाकडी पट्टी विणली. ती आता धाकटीच्या बाहुलीचं पांघरूण आहे. पाहुण्यांपैकी कुणी म्हणालं, "अगं बाई, मुलगा असून विणतो?" धाकटीनं उत्तर दिलं, "बाहुलीला थंडी वाजत होती."

कुणाला विणावेसे वाटलेच, तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. अंगठा बरोबर मधोमध काढला, तर मोजा डाव्या-उजव्या कुठल्याही हातात जातो. एक हरवला तर तिसरा विणायचा, पोराला बोलायचं नाही. तान्ह्या बाळासाठी विणाल तर मोजा उलटा करून आतले दोरे पक्के टाचून कापा. सुटा दोरा इवल्याशा बोटाभोवती आवळला जातो आणि बाळाला सांगता येत नाही. हरवू नयेत म्हणून दोन मोजे दोरीनं जोडून गळ्यात अडकवायची युक्तीही नको, ती दोरी खेळताना अडकते. आपल्याकडे स्वस्तात मिळते ती लोकर बहुतेक अॅक्रिलिकची असते. धुवायला सोपी, पण आगीनं वितळून कातडीला चिकटते. म्हणून शेकोटीपाशी हात शेकताना मोजे काढायला लावा. आणि हे मोजे मागे बसणाऱ्यानं घालायचे. स्कूटर चालवणारीची बोटं ब्रेकसाठी सुटी हवीत.

आमचा पहिला मोजा नाताळच्या सुट्टीत झाला. दुसरा संक्रांतीनंतर, तिळगुळाचे डबे रिकामे झाल्यावर. तेव्हा थंडी जरा सरली होती, आणि माझ्या मनात आलंच, 'एवढं करून काय उपयोग?' पण सकाळी सव्वासहाला लेक दोन्ही पोपटी हात वर करून दारात उभा होता.

पहिल्या मोज्यात एक चूक आहे. अंगठ्याच्या बुडाशी, सुलटच्या जागी एक उलट टाका पडलाय. डोळ्यांना पटकन दिसत नाही, पण बोट फिरवलं की तिथे बारीकशी गाठ लागते. दिसली तेव्हा उसवून दुरुस्त करता आली असती. चार ओळींचा तर प्रश्न होता. नाही केली.

शाळेच्या अलीकडे एक पिंपळ आहे. तिथे आलं की लेक मागून म्हणतो, "आई, थांब." उतरतो, मोजे काढतो आणि माझ्या जाकिटाच्या खिशात कोंबतो. मित्रांसमोर पोपटी हातमोजे चालत नाहीत. आधी मला लागलं. एवढ्या रात्री जागून, असं मनात आलंच. मग आठवलं, आईनं विणलेला मोरांचा स्वेटर मी कॉलेजच्या फाटकाशी काढून पिशवीत टाकायची. तिला माहीत असणार. ती कधी बोलली नाही.

एक बरं आहे. आता मोजे हरवत नाहीत. ते दिवसभर माझ्याकडेच असतात. ऑफिसात पोचते, लिफ्टची वाट बघत उभी राहते, तेव्हा गारठलेला हात आपसूक खिशात जातो. लोकर अजून कोमट असते. अंगठ्याच्या बुडाशी बोटाला ती गाठ लागते. एकोणीस, वीस.